कोपरचा निळा कोट

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यात एकदा तरी जगनचा कोट अंगात घातला आहे. लग्नात नव्हे, जगनच्या फोटो स्टुडिओत, स्टुलावर बसून, फार तर चार मिनिटं. नोकरीच्या अर्जाला फोटो लागतो, फोटोत कोट असला की माणूस जरा बरा दिसतो, आणि कोट काही प्रत्येकाच्या कपाटात नसतो. म्हणून जगनने स्टुडिओतल्या खिळ्याला एक निळा कोट टांगून ठेवला होता.

हा कोट पुढून पाहिला तर एखाद्या मोठ्या साहेबाचा वाटायचा. मागून पाहण्यात मात्र अर्थ नव्हता. कॉलरच्या खालपासून शेवटापर्यंत तो मधोमध उभा कापलेला होता आणि दोन्ही कडांना फीत लावलेली होती. गिऱ्हाईक बारीक असलं की जगन मागून कापड गोळा करून त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. जाड असलं की दोन्ही बाजू मोकळ्या सोडायचा. पुढून पाहावं तर कोट प्रत्येकाच्या मापाचा.

खरं तर तो जगनच्या लग्नातला कोट. लग्नाला सगळं वऱ्हाड पांढऱ्या कपड्यांत आणि एकटा जगन निळ्या कोटात, कारण त्याच्या वडिलांनी, पोपटरावांनी, तसं बजावलं होतं. घरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्यात कोट होता. तो आपल्या मुलाच्या अंगावरही दिसला पाहिजे, यापुढे त्यांना काही ऐकायचं नव्हतं. पुढे जगनने स्टुडिओ काढला. त्याच वर्षी विश्राम नावाचा एक धिप्पाड माणूस ड्रायव्हरच्या नोकरीसाठी फोटो काढायला आला. जगनने हौसेने आपला कोट त्याच्या अंगात घातला, विश्रामने नीट बसण्यासाठी एक मोठा श्वास घेतला, आणि कोट मागून टरकला. फोटो मात्र झकास आला आणि विश्रामला नोकरी लागली. तेव्हापासून जगनचा कोट लाभतो अशी बोलवा झाली. जगनच्या बायकोने, कांताने, चार दिवस नवऱ्याला फैलावर घेतलं आणि पाचव्या दिवशी स्वतःच शिलाई मशीनवर बसून फाटलेलं खालपर्यंत सरळ कापून दोन्ही कडांना फीत लावून दिली. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली.

मधल्या काळात रस्त्यापलीकडे विकीचं दुकान आलं. विकी पोरगा सरळ, हसतमुख, पण तो माणसाला कोट घालत नसे, कॉम्प्युटरवर चिकटवत असे. "काका, माझ्याकडे चाळीस कोट आहेत, एका क्लिकवर," तो जगनला सांगायचा. "कशाला त्या एका कोटाला धूळ खात ठेवलाय?" त्यावर जगनचं उत्तर ठरलेलं असायचं. चिकटवलेला कोट मानेपाशी ओळखू येतो, असं तो म्हणायचा आणि आत निघून जायचा. त्याला विकीचा राग नव्हता. चाळीस कोटांचा होता.

जगनला एकुलती एक मुलगी, मेघना. तेवीस वर्षांची, बी.कॉम., कामाला वाघ, घरात तोंडाचा पट्टा चालू, आणि इंटरव्ह्यूला गेली की मुकी. आतापर्यंत तीन इंटरव्ह्यू झाले होते. पहिला नौपाड्यातल्या एका दवाखान्यात, रिसेप्शनवरच्या नोकरीचा. तिथे ती चुलतबहिणीच्या हळदीतला जरीचा ड्रेस घालून गेली आणि डॉक्टरीणबाईंनी आधी तिला कुठे लग्न आहे का ते विचारलं. दुसऱ्याला शेजारणीचा ब्लेझर नेला, त्याच्या बाह्या बोटांच्या पुढे. तिसऱ्या वेळी तिने यूट्यूबवर दहा व्हिडिओ पाहून पांढरा शर्ट आणि काळी पँट घातली. त्याच मजल्यावर कुठलातरी समारंभ होता, आणि तिथल्या एका गृहस्थांनी तिच्याकडे पाणी मागितलं. बिचारीने आणून दिलं.

कपड्यांचं काहीही असो, तिन्ही ठिकाणी घडलं ते सारखंच. समोरच्याने म्हणावं, स्वतःबद्दल काही सांगा. मेघनाने नाव सांगावं, पत्ता सांगावा, आणि थांबावं. पुढचं सगळं पाठ असायचं, पण जीभ टाळ्याला चिकटायची.

चौथा कॉल आला तेव्हा तिने आईबापांना समोर बसवून सांगून टाकलं. "हा शेवटचा. नाही झालं तर मी विकीकडे बसणार. त्याला कॉम्प्युटरवर माणूस हवाय. मी विचारून आलेय."

"काय काम?" जगनने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"कोट लावायचं," मेघना खाली बघत म्हणाली.

जगन त्या दिवशी नीट जेवला नाही. मुलीने कुठलंही काम केलं तरी त्याला कमीपणा वाटला नसता. पण जी पोर शाळेपासून त्याच्या स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून गृहपाठ करत मोठी झाली, तिने हात टेकून समोर जाऊन बसावं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. हात टेकून, हेच त्याला लागलं.

चौथा इंटरव्ह्यू ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचा होता. नोकरीला लागणाऱ्या माणसांचे कागद खरे की खोटे ते तपासून देणं हा त्या कंपनीचा धंदा. पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर होती, मंगळवारी सकाळी अकराला. घरी कांताचं मशीन, शेजाऱ्यांचा टीव्ही आणि भिंतीचा पोपडा. तेव्हा जगन म्हणाला, स्टुडिओत बस. उजेड आपला, पडदा आपला, आणि कोटही आपला.

"पप्पा, तो मागून उघडा आहे."

"व्हिडिओत मागून कोण बघतंय? मी बावीस वर्षं माणसं बसवलीत त्यात. कुणाला कळलं काय?"

मंगळवारी अकराला दहा कमी असताना जगनने शटर अर्धं खाली ओढलं, राखाडी पडदा सोडला, मुलीला स्टुलावर बसवून तिच्या अंगात कोट घातला. ती किरकोळ, त्यामुळे चार चिमटे लागले: दोन लाल, एक हिरवा, एक पिवळा. मग तो लॅपटॉपमागे जाऊन उभा राहिला आणि मुलीकडे बघून त्याचा ऊर भरून आला. कोट तिला शोभत होता. तिच्या आजोबांनी पाहिलं असतं तर त्यांनी सगळ्या कोपरला बोलावून दाखवलं असतं. चित्र बिघडू नये म्हणून जगनने टेबलावरची कागदांची फाइल उचलून मागच्या खुर्चीवर नेऊन ठेवली. इथेच त्याने माती खाल्ली, पण तेव्हा त्याला ते कळलं नाही.

"आता तुम्ही बाहेर जा," मेघना म्हणाली.

"जातो," जगन म्हणाला आणि गेला नाही. तिच्या डाव्या गालावर सावली पडत होती. थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला की ती जाते, आणि पत्रा काही आपोआप उभा राहत नाही. तो पत्रा धरून बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असा, श्वास रोखून उभा राहिला.

पडद्यावर माधवी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, साधी सुती साडी. नमस्कार झाला, आणि मॅडम म्हणाल्या, "मेघना, स्वतःबद्दल सांगा."

मेघनाने नाव सांगितलं. पत्ता सांगितला. आणि थांबली.

पुढचं वाक्य जगनला पाठ होतं, घरात पंधरा वेळा ऐकलं होतं, पण ते तो तिच्या तोंडात नेऊन ठेवू शकत नव्हता. माणसाला कसं बसवायचं, हनुवटी किती खाली घ्यायची, खांदे कुठे ठेवायचे, हे सगळं त्याला येत होतं, आणि त्यातलं काहीही या वेळी कामाचं नव्हतं. मॅडमनी थोडं थांबून, दया आल्यासारखं, विषय बदलला. "बरं, असू द्या. तुमची मूळ मार्कशीट जरा कॅमेऱ्यासमोर धरता का?"

मार्कशीट फाइलीत होती आणि फाइल मागच्या खुर्चीवर. मेघना सुटल्यासारखी पटकन उठली आणि वळली.

कॉलरपासून कमरेपर्यंत गोळा केलेलं कापड, त्याला ओळीने चार रंगीत चिमटे, आणि मधल्या फटींतून घरातला गुलाबी टी-शर्ट, असं सगळं ठाण्यापर्यंत पोचलं. जगनने हातातला पत्रा पुढे करून मुलीच्या पाठीवर धरला. त्यामुळे पाठ झाकली गेली आणि पत्र्याबरोबर एक केसाळ हात कॅमेऱ्यात आला.



"तो हात कुणाचा आहे?" मॅडमनी विचारलं.

"पप्पांचा," मेघना म्हणाली. बहाणा शोधायला वेळच मिळाला नव्हता. "ते लाइट धरून उभे आहेत. त्यांनी काही सांगितलं नाही मला, खरंच. आणि हा कोट स्टुडिओचा आहे, माझा नाही. मागून कापलाय, म्हणजे सगळ्यांना बसतो."

संपलं, जगनच्या मनात आलं. आपणच घालवलं. त्याला तो पत्रा डोक्यावर घेऊन बसावंसं वाटलं.

पण मॅडम चष्मा सारखा करून पुढे वाकल्या होत्या. "जरा जवळ या. त्या खिशाच्या वर पांढरी खूण आहे ती कसली?"

"फ्लॅश फुटलेला एकदा. ठिणगी उडाली."

"हा कोट मी पाहिलाय," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले, सहा फाइली माझ्या टेबलावर अडकल्यात. सहा माणसं, सहा नावं, कोट एकच. ही खूणसुद्धा. आमच्या सिस्टीमने सहाही जणांवर लाल शेरा मारलाय. आम्हाला वाटलं, कुणीतरी एका जागी बसून खोटी माणसं तयार करतंय."

ज्या कोटाने माणसांना नोकऱ्या लागतात असं अख्खं कोपर म्हणत होतं, त्याच कोटाने सहा जणांच्या नोकऱ्या अडवून धरल्या होत्या. आणि तो कोट प्रेमाने, कॉलर सारखी करून, जगननेच त्यांना घातला होता.

"चेहरे झाकून दाखवते तुम्हाला," मॅडम म्हणाल्या, आणि पडद्यावर मानेपासून खालचे सहा फोटो आले. चेहरा नसला तरी त्यातला तिसरा म्हणजे बेकरीमागचा चंदू, हे जगनने खांद्यावरून ओळखलं. चंदूचा उजवा खांदा कायम पडलेला. "आता मला सांगा, ही माणसं खरी की बनावट, तुम्ही कसं ठरवाल?"

मेघनाने पडद्याकडे पाहिलं. मग, तीन इंटरव्ह्यूंत जे घडलं नव्हतं ते घडलं. ती घरात बोलते तशी बोलायला लागली.

"मॅडम, कोटाची घडी बघा. माणूस बारीक असला की मागे चिमटे लावतो, मग कापड ओढलं जातं आणि खांद्यापासून बगलेकडे सुरकुती पडते. पहिल्याला बघा, आहे. दुसऱ्यालाही आहे. चौथा जाड आहे, त्याला सुरकुतीच नाही, कारण चिमटेच नाहीत. तिसऱ्याचा खांदा पडलाय तर कोटही तिकडे पडलाय. चिकटवलेला कोट असा पडत नाही, तो ताठ राहतो. खरा कोट माणसाप्रमाणे बसतो." ती थोडी थांबली, पण ही थांबण्याची तऱ्हा वेगळी होती. "पाचवा मात्र नाही."

"पाचवा काय?"

"पाचव्याच्या सुरकुत्या दुसऱ्याच्याच आहेत, अगदी तशाच. दोन माणसांना सारखी घडी पडूच शकत नाही. आणि उजेड बघा, मानेवर डावीकडून येतोय, कोटावर उजवीकडून. कोट आमचाच आहे, पण हा माणूस आमच्याकडे आलेला नाही. म्हणजे माणूस खोटाच असेल असं नाही, त्याला बोलावून बघा. फोटो चिकटवलेला आहे, एवढं नक्की."

मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. "हे कुठे शिकलात?"

"शिकले नाही. पप्पा काम करताना स्वतःशी बडबडतात. मी बाजूला बसलेली असायचे."

पत्र्यामागे जगनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. घडी, उजेड, मान, खांदा, ही त्याची बडबड; कांता तिला वैतागायची, गिऱ्हाइकं तिला हसायची. पोर गृहपाठात डोकं घालून बसलेली, तिला काही ऐकू जात नसेल असं तो धरून चालला होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"गुरुवारी ठाण्याला या," मॅडम म्हणाल्या. "आमच्या साहेबांना भेटा. शेवटचं तेच ठरवतात. आणि काका, हात अजून दिसतोय तुमचा."

जगनने हात मागे घेतला.

"राग मानू नका, पण तो कोट आता कुणाला देऊ नका. पाच खरी माणसं पंधरा दिवस लटकली."

"नाही देणार," जगन पत्र्यामागूनच म्हणाला.

दुपारी तो रस्ता ओलांडून विकीकडे गेला आणि त्याने सरळ विचारलं. विकी ओशाळला. "खोटं नाही बोलत काका. चाळीस आहेत, पण माणसावर एकही बसत नव्हता. मग तुमच्या एका फोटोतला उचललेला. तो एकच बरा दिसतो." जगन भांडायच्या तयारीने गेला होता. तो चहा पिऊन परत आला, पण विकीकडून त्याने तो कोट कॉम्प्युटरवरून पुसून मात्र घेतला, समोर उभं राहून.

संध्याकाळी त्याने खिळ्यावरचा कोट काढून घरी आणला आणि कांताच्या मशीनवर ठेवला. "शिवून टाक. मेघनाच्या मापाने."

कांताने कोट उलटासुलटा करून पाहिला. "फाडताना मला विचारलेलंत काय?"

"मी नाही फाडला, विश्रामने फाडला."

"घातला कुणी त्याला?" ती म्हणाली, पण तोवर तिने फितीचे टाके उसवायला घेतले होते. मेघनाला तिने समोर उभं करून टाचण्या लावल्या, खांदे आत घेतले, बाह्या छाटल्या, आणि पाठीवरून खालपर्यंत एक सरळ शिवण घातली. एकदा हे झालं की कोट पुन्हा दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही, हे तिघांनाही कळत होतं. जगन भिंतीला टेकून शेवटच्या टाक्यापर्यंत बघत बसला.

गुरुवारी मेघना कोट घालून दारात उभी राहिली, खाली सुती कुर्ता, पायात रोजच्या चपला. चेहरा उतरलेला होता. "पप्पा, साहेबांनी परत विचारलं तर? स्वतःबद्दल सांगा म्हणून?"

"परवा काय सांगितलंस?"

"फोटोंचं सांगितलं."

"मग ते स्वतःबद्दलच होतं की," जगन म्हणाला. "अजून काय असतं?"

ती वळून जिना उतरली. तिची पाठ बघताना जगनच्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत आपण हा कोट मागून धड असा पाहिलाच नाही. तो गॅलरीत ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

स्टुडिओत त्याचं लक्ष लागेना. चंदू येऊन सांगून गेला की त्याचं काम झालं, कागद सुटले. जगनने त्याला मिठी मारली आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. एक वाजला, दोन वाजले. अडीचच्या सुमाराला एक पोक्त गृहस्थ आले, प्रेम सोसायटीत वॉचमनच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. स्टुलावर बसले आणि त्याच वेळी फोन वाजला.

"पप्पा, झालं. सोमवारपासून."

जगनने फोन कानाशी घट्ट दाबला.

"साहेबांनी कोट बघून विचारलं, कुठून घेतला. मी सांगितलं, आजोबांनी शिवून घेतलेला, पप्पांनी सगळ्या कोपरला घातला, आईने माझा केला. मग तेच बोलत बसले अर्धा तास." ती हसत होती. "पप्पा? आहात ना?"

"आहे गं," जगन म्हणाला. "आईला फोन कर आधी. मशीन बंद करून बसलीय सकाळपासून."

त्याने फोन ठेवला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कॅमेऱ्याकडे आला. स्टुलावरच्या गृहस्थांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "तुमचा तो कोट लाभतो म्हणतात. म्हणून मुद्दाम इथे आलो."

"तो आता मिळायचा नाही," जगन म्हणाला. "तो नोकरीला लागला."

गृहस्थांना काही उमगलं नाही. आपल्या धुतलेल्या, जुन्या, पण कडक इस्त्रीच्या शर्टाकडे ते संकोचून बघत राहिले. जगन पुढे झाला, त्याने त्यांची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली, खांद्यावरचा एक धागा उचलून टाकला आणि दोन पावलं मागे जाऊन त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"याच शर्टात बसा," तो म्हणाला. "हा तुमच्या मापाचा आहे."